वजन १०८ किलो, पहिला वेकबोर्ड कोणता?

प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये राहणारे छत्तीस वर्षांचे गृहस्थ. उंची पाच फूट नऊ इंच, वजन १०८ किलो, म्हणजे इथल्या हिशेबाने २३८ पौंड. ऑफिसातल्या मित्राची बोट आहे आणि उन्हाळ्यात शनिवारी सगळे लेक ट्रॅव्हिसवर जातात. मित्राच्या जुन्या १३४ सेंटिमीटरच्या वेकबोर्डवर, म्हणजे बोटीमागे दोराने ओढल्या जाणाऱ्या, पाय अडकवून उभं राहायच्या फळीवर, यांनी सात वेळा उठायचा प्रयत्न केला आणि सातही वेळा तोंडावर आपटले. आता दुकानदार १४६ चा भारी मॉडेल गळ्यात मारतोय, एक जण वापरलेला १३९ स्वस्तात देतोय आणि बायकोचं म्हणणं, आधी वजन उतरवा मग बघू. काय करावं आणि खर्च किती येईल?

दुकानदार, विकणारा आणि वहिनी, तिघांपैकी कुणाचंच पूर्ण बरोबर नाही. दुकानदाराची लांबी बरोबर, बोर्ड चुकीचा. वापरलेला १३९ तुमच्यासाठी छोटाच. वहिनींच्या मुद्द्याकडे शेवटी येतो. तुम्हाला हवा तो बोर्ड १४२ ते १४६ मधला, रुंद, कमी वाकाचा, कंटिन्युअस रॉकरचा म्हणजे तो वाक टोकापासून टोकापर्यंत सलग असलेला, खाली फिन म्हणजे छोटे पंख असलेला, आणि नवशिक्यांच्या रांगेतला म्हणजे स्वस्तातला. एवढ्याने काम भागत असेल तर इथेच थांबा. कारण कळलं तर दुकानात फसणार नाही, म्हणून पुढचं लिहितो.

मी मूळचा कोल्हापूरचा. टेक्सासात आलो तेव्हा ९६ किलोंचा होतो, आजही त्याच्या आसपासच आहे. इथले बारा-तेरा उन्हाळे मी लोकांना वेकबोर्डवर उभं करण्यात घालवलेत. पहिला बोर्ड मी घेतला तो उंची सांगून. दुकानातल्या पोराने माझी उंची विचारली, वजन विचारायला लाजला, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. १३६ घेऊन घरी आलो. तो पूर्ण मोसम मी तळ्यातलं पाणी पिण्यात काढला. तेव्हा पहिला नियम हाच: वेकबोर्डची लांबी वजनावर ठरते, उंचीवर नाही. आणि वजन म्हणजे आजचं, काट्यावरचं. ड्रायव्हिंग लायसन्सवर छापलेलं नाही. ते आपण सगळ्यांनीच लग्नाआधीचं लिहिलेलं असतं.

आता एक गैरसमज. वजन जास्त म्हणून जास्त तरंगणारा बोर्ड हवा, असं बहुतेकांना वाटतं. लहानपणी आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून, आणि अंगाने भरलेला पोरगा दिसला की काका त्याला दोन डबे बांधायचे. डोक्यात तेच गणित बसलेलं असतं. पण वेकबोर्ड म्हणजे डबा नव्हे. तो तुम्हाला तरंगवत नाही, कोणत्याच मापाचा तरंगवत नाही. या खेळाचा इतिहासच त्याची साक्ष देतो. १९८५ च्या सुमारास टोनी फिन याने स्कर्फर नावाचा बोर्ड आणला तेव्हा तो सर्फबोर्डसारखा फुगीर होता, पाण्यावर इतका तरंगायचा की खोल पाण्यात पायाखाली दाबून धरणं हीच कसरत व्हायची. १९९० मध्ये हर्ब ओब्रायन याने हायपरलाइट बाजारात आणला, तो पातळ आणि धड तरंगेना, धड बुडेना अशा बेताचा. पायाखाली सहज राहायचा, बोटीने ओढलं की वर यायचा. तिथून हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. म्हणजे बोर्डाचा तरंग कमी केला तेव्हा लोक उभे राहू लागले. तुम्हाला तरंगवण्याचं काम अंगातल्या जॅकेटचं आहे, बोर्डाचं नव्हे.

मग बोर्ड काय करतो? रंकाळ्यावर चपटा दगड भिरकावून आपण भाकऱ्या काढायचो ना, तेच. दगड काही तरंगत नाही. तो चपटा असतो, वेगात असतो, नाक जरा वर असतं, म्हणून पाणी त्याला खालून ढकलून देतं. वेग संपला की बुडाला. वेकबोर्डही पाण्यावर चढतो तो असाच, वेगाने आणि पसरट तळाने. ढोबळ हिशेब असा की खालून मिळणारा रेटा तळाच्या क्षेत्रफळाच्या पटीत वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे त्याच बोर्डवर सत्तर किलोंचा माणूस ज्या वेगाला पाण्यावर चढतो, त्याच्यापेक्षा तुम्हाला साधारण २४ टक्के जास्त वेग लागणार. तो ताशी २० किलोमीटरला चढत असेल तर तुम्ही २५ ला. हे पाच किलोमीटर कागदावर किरकोळ दिसतात. पाण्यात मात्र तेवढा वेळ बोर्ड नांगरासारखा पाणी फोडत येतो आणि सगळा ताण तुमच्या बोटांवर येतो. सातव्या वेळी हात सुटले असतील तर ते तुम्ही लेचेपेचे आहात म्हणून नाही. बोटीशी बोटांच्या जोरावर कुणीच जिंकत नाही.

आता मोठ्या बोर्डाने काय फरक पडतो तेही प्रामाणिकपणे सांगतो. १३४ लांब आणि ४२ रुंद बोर्डाच्या जागी १४४ लांब आणि ४४ रुंद घेतला तर तळ साधारण साडेबारा टक्क्यांनी वाढतो. वेगाच्या हिशेबात त्याची बचत सहा टक्क्यांची, म्हणजे २५ च्या जागी साडेतेवीस. एवढंच? हो, एवढंच. दुकानात सांगतात तसा चमत्कार होत नाही. पण पाणी फोडत येण्याचा तो सगळ्यात जड टप्पा चढणीच्या माथ्यासारखा असतो. माथा ताशी दीड किलोमीटरने अलीकडे आला की हात सुटायच्या आत माणूस पलीकडे पोचतो. शिवाय उभं राहिल्यावर मोठा बोर्ड कमी डगमगतो, आणि बोट वळणावर जरा मंदावली तरी पायाखालचा बोर्ड लगेच बसत नाही. नवख्याला त्याचाच आधार जास्त. उरलेलं काम बोर्डाचा आकार, बोट चालवणारा आणि तुमचे गुडघे मिळून करतात.

तर मग दीडशेच्या पुढचा का घेऊ नये? तेवढा लांब सहसा मिळत नाही हे एक. दुसरं, बोर्ड जितका लांब तितका तो पाण्यात बसल्या बसल्या आडवा धरायला आणि उभं राहिल्यावर सरळ वळवायला जड. १४६ पर्यंत ठीक.

लांबीबरोबर रुंदी बघा. हे कुणी सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वीचे बोर्ड टोकांना बरेच निमुळते असायचे, आताचे टोकांपर्यंत रुंद असतात. त्यामुळे जुना १४१ आणि नवा १३९ शेजारी ठेवले तर नव्याचाच तळ मोठा भरू शकतो. मित्राचा १३४ त्या काळातला असेल, आणि वर्णनावरून तसाच वाटतोय, तर तुम्ही मापापेक्षाही छोट्या पाटीवर उभं राहायला बघत होता. बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यांत १३४ ची मजल ऐंशीएक किलोंच्या आसपास संपते. तो बोर्ड तुमच्यासाठी नव्हताच.

रॉकर ही यातली सगळ्यात महत्त्वाची भानगड. बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने बघितला तर दोन्ही टोकं वर उचललेली दिसतात, केळ्यासारखी. त्या वाकाला रॉकर म्हणतात. हा वाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असेल तर कंटिन्युअस. मधला भाग बराचसा सपाट आणि दोन्हीकडे एकदम मोडल्यासारखा वर गेलेला असेल तर थ्री-स्टेज. थ्री-स्टेजला बोटीमागच्या लाटेवरून सरळ आभाळाकडे उडी मिळते, म्हणून उड्या मारणारे त्याच्यावर खूश असतात. पण त्याची ती मोडलेली टोकं पाणी पुढे ढकलत राहतात आणि बोर्ड हळू चालतो. वजनदार आणि नवख्या माणसाला नेमकं तेच नको असतं. कंटिन्युअस रॉकर पाण्यावरून सरळ घसरतो, लवकर चढतो आणि कमी ओढ घेतो. त्यातही वाक जितका कमी तितकं तुमच्यासाठी बरं. दोन्ही बोर्ड दुकानाच्या फरशीवर शेजारी ठेवा आणि टोकाखाली बोटं घालून उंची ताडून बघा. लाजू नका, पैसे तुमचे जाणार आहेत.

दुकानदाराचा १४६ तुम्ही वर्णन केलाय तसा असेल, पातळ धारदार कडा, टोकं एकदम उचललेली, एखाद्या स्पर्धकाची सही असलेला, तर तो उड्या मारणाऱ्यासाठी बनवलाय. तुम्ही त्याच्यावर उभे राहालही, पण त्या कडा पाण्यात अडकल्या की माणूस असा आपटतो की दोन मिनिटं आपलं नाव आठवत नाही. नवख्यासाठी कडा गोलसर हव्यात, निदान दोन पायांच्या मधल्या भागात तरी. हायपरलाइटचा स्टेट किंवा लिक्विड फोर्सचा ट्रिप हे या जातीचे बोर्ड. दर वर्षी मॉडेल थोडं बदलतं, त्यामुळे नाव बघून न घेता खरेदीच्या दिवशी त्या वर्षाचा तक्ता बघा. वजनाच्या मर्यादेत तुमचा आकडा मधोमध यायला हवा. काठावर असाल तर एक माप वर जा.

फिनबद्दल फार डोकं खाऊ नका. खालचे काढता येणारे फिन पहिलं वर्षभर लावूनच ठेवा, बोर्ड सरळ चालतो. बिनफिनचे, लवचीक, खालून जाड थर दिलेले बोर्ड केबल पार्कसाठी असतात. तिथे बोट नसते, खांबांवरून फिरणारी तार ओढते. ते बोर्ड बोटीमागे शिकायला घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाले तरी.

पैसे कुठे घालायचे तर बाइंडिंगमध्ये, म्हणजे पाय अडकवायच्या बुटांत. इथे वजनदार माणसाची अडचण वेगळी असते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या पोटऱ्या जाड असतात. बूट पायाच्या मापाला बरोबर बसतो, पण वरचा पट्टा किंवा नाडी पोटरीवर मिटतच नाही. मग माणूस दोन मापं मोठा बूट घेतो, टाच आत हलत राहते, आणि पडताना एक पाय सुटतो, दुसरा अडकून राहतो. एका पायात तीन हातांचा बोर्ड फिरतोय आणि गुडघा त्याच्याबरोबर पिळतोय. मी बघितलेल्या गुडघ्याच्या वाईट दुखापतींतल्या बहुतेक अशाच झालेल्या आहेत. दोन्ही पाय घट्ट राहावेत, नाहीतर दोन्ही सुटावेत. अर्धवट बसलेला बूट सगळ्यात धोक्याचा.

म्हणून पुढून उघड्या बोटांचा बूट बघा, वर आणि खाली वेगवेगळी आवळता येणारी नाडी असलेला. उघड्या बोटांचा एक फायदा असा की मापात थोडं मागेपुढे चालतं आणि बायको-मुलांनाही तोच बोर्ड वापरता येतो. दुकानात बूट घालून गुडघे वाकवा आणि पुढे झुका. टाच उचलली गेली तर तो बूट ठेवून द्या. पोटरीला कमी उंचीचा बूट मिळत असेल तर तो घ्या, घोट्यावरची पकड महत्त्वाची, त्याच्या वरची शोभेची. आणि वाकून बूट ओढायला पोट आडवं येतं, त्यावर उपाय म्हणजे बाटलीत पाण्यात थोडा बेबी शाम्पू. आत दोन थेंब ओतले की पाय सरकन जातो. बोटीच्या गादीवर सांडू नका, मित्र परत बोलावणार नाही.

पोटाचा विषय निघालाच आहे तर बाइंडिंग बोर्डवर कसं बसवायचं तेही सांगतो. शिकवणारे सगळे एकच वाक्य म्हणतात: गुडघे छातीशी घ्या, चेंडूसारखे गोळा व्हा. ज्यांना पोट नाही त्यांनी तयार केलेलं हे वाक्य आहे. आपल्याला तसं गोळा होताच येत नाही, मग पाय लांब राहतात, बोर्ड पाण्याला आडवा दाबतो आणि भिंत ओढल्यासारखं होतं. तुमची सात वेळा हीच गत झाली असणार. उपाय असा की पाय नेहमीपेक्षा एक भोक जास्त रुंद लावा आणि दोन्ही चवडे थोडे बाहेर वळवा. पुढचा १५ ते १८ अंश, मागचा उलट दिशेने ६ ते ९ अंश. यामुळे गुडघे बाहेरच्या अंगाला उघडतात आणि पोट मध्ये सुखाने बसतं, मांडी घालून पंगतीत बसल्यासारखं. हात गुडघ्यांच्या बाहेरून जायला हवेत. दोन्ही बाइंडिंग मिळून एक भोक मागे ठेवा, म्हणजे नाक पाण्यात घुसणार नाही.

आता ताकद. माझ्याकडे एकदा एक जण आला, तरुणपणी तालमीत गेलेला, दंड बघून बोट घाबरावी असा. पहिल्याच झटक्याला त्याने हँडल छातीशी ओढलं. खाली गेला. दुसऱ्यांदा अजून जोरात ओढलं, अजून खाली गेला. त्याच दिवशी त्याची बारा वर्षांची मुलगी दुसऱ्या प्रयत्नात उभी राहून हात हलवत निघून गेली. त्याच्या डोक्यात रस्सीखेच होती. पण पलीकडे साडेतीनशे घोड्यांचं इंजिन आहे, तिथे ओढून काय मिळणार? तुम्ही हात वाकवले की दोर क्षणभर सैल पडतो, बोर्डचा वेग तुटतो आणि पुढच्या क्षणाला दुप्पट हिसका बसतो. हात सरळ, खांदे ढिले, हनुवटी गुडघ्यांकडे. बोर्ड आडवा, बोटीकडची कड थोडी वर. बोट ओढेल, पाणी तळाला थापटेल, तरी बसूनच राहा. टाचा ढुंगणाशी येऊ द्या. बोर्ड पाण्यावर चढला हे पायांना कळतं, आवाज बदलतो, खळखळ थांबून सळसळ सुरू होते. त्यानंतर मनात तीन मोजा, मग उठा. बहुतेक वजनदार लोक उठतात ते या तीन मोजायच्या आधी, कारण पाणी तोंडावर येत असतं आणि उठलो की ते थांबेल असं वाटतं.

हे आधी गवतावर करून बघा. बोर्ड पायात अडकवून अंगणात बसा, कुणाला तरी हँडलला बांधलेला दोर सावकाश ओढायला सांगा आणि हात न वाकवता उभे राहा. शेजारी बघतील, बघू देत. दहा वेळा जमलं की पाण्यात निम्मं काम झालेलं असतं.

उरलेलं निम्मं चालकाच्या हातात, आणि इथे बहुतेक मित्र घात करतात. माणूस जड आहे म्हणून ते थ्रॉटल एकदम शेवटपर्यंत ढकलतात. हँडल हातातून उडतं. मग पुढच्या वेळी अपराधी वाटून इतकं हळू ओढतात की माणूस पाण्याखालून पाणबुडीसारखा येत राहतो. तुमच्या मित्राला असं सांगा: आधी दोर ताणून घे, बोट नुसत्या चालत्या वेगात ठेव. मी हात केला की तीन-चार सेकंदांत, एका लयीत, वाढवत ने. मी उभा राहिलो की आणखी वाढवू नकोस, ताशी २७ ते २९ किलोमीटरला धरून ठेव. त्याच्या काट्यावर ते १७-१८ मैल. हलक्या मुलांना तो १५ ला ओढत असेल, तुम्हाला तेवढं पुरणार नाही आणि बोर्ड मागून बसत जाईल. दोर पन्नास-साठ फुटांच्या पुढे सोडू नका, आणि न ताणणारा हवा. रबरासारखा दोर जड माणसाला आधी मागे ठेवतो आणि मग फेकतो.

बोटीवर टॉवर म्हणजे उंच कमान असेल तर दोर त्यालाच बांधा, मागच्या खालच्या कड्याला नको. वरून ओढ मिळाली की तुम्हाला थोडं उचलूनही मिळतं. लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत पाण्याच्या टाक्या भरलेल्या असतात, त्या तुमच्या पाळीला रिकाम्या करायला सांगा. भरलेली बोट आणि मागे तुम्ही, असं दोन्ही ओढताना तिचंच नाक आभाळाकडे जातं आणि ती स्वतःच पाण्यावर चढायला वेळ लावते. मागच्या बाकावर बसलेल्या चार जणांना पुढे पाठवा. एवढ्यानेही फरक पडतो.

जागेबद्दल दोन शब्द. लेक ट्रॅव्हिस मोठं, पण त्याची पातळी दुष्काळात खूप उतरते. सम्टाइम्स आयलंड्स नावाची बेटं पाणी कमी झालं की चक्क वर येतात, आणि न दिसणारे खडक तर त्याहून जास्त. मित्राला खोली दाखवणारं यंत्र चालू ठेवायला सांगा आणि काठापासून लांब शिका. शनिवारी दुपारी तिथे इतक्या बोटी असतात की पाणी कढईसारखं उकळत असतं. अशा पाण्यात कसलेला माणूसही धडपडतो. सकाळी सात-साडेसातला जा. लेक ऑस्टिन हे ट्रॅव्हिसच्या मॅन्सफिल्ड धरणाखालचं तळं, पातळी जवळजवळ कायम सारखी, पण अरुंद आणि काठाला भिंती असल्याने लाटा उलटून परत येतात, म्हणून तिथेही सकाळच. धरणाच्या तळातून पाणी येतं त्यामुळे ते ट्रॅव्हिसपेक्षा गार लागतं. गार पाण्यात बोटांची पकड लवकर जाते हे लक्षात असू द्या.

वापरलेला बोर्ड घ्यायला माझी हरकत नाही, १३९ सोडून. या मापाचे वापरलेले बोर्ड चांगल्या अवस्थेत मिळतात, कारण घेणारे कमी असतात. बाजारातून माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसा बोर्ड सगळीकडे वाजवा. आवाज टणक यायला हवा. कुठे भद्द आला तर आतला फोम आणि वरचा थर सुटलेला आहे. अंगठ्याने दाबून मऊ लागतंय का बघा, विशेषतः बाइंडिंगच्या स्क्रूंच्या भोवती. तिथून केसासारख्या बारीक चिरा निघालेल्या असतील तर सोडून द्या. तुमच्या वजनाने त्या पहिल्या महिन्यात उघडतील. उभा धरून हलवा, आत पाणी शिरलं असेल तर स्क्रूच्या भोकांतून ठिबकतं. आणि स्क्रू तपासा: आताच्या बोर्डांना एम-६ लागतात, जुन्यांत पाव इंची होते. दिसायला सारखे, पण एकात दुसरा जबरदस्तीने घातला की बोर्डातली चाकी कायमची गेली.

खर्चाचा अंदाज विचारलाय. नवशिक्यांचा बोर्ड आणि बाइंडिंग एकत्र घेतलं तर साधारण चारशे ते सहाशे डॉलरांत बसतं, आणि मोसम संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गेल्या वर्षीचं मॉडेल बरंच खाली मिळतं. दुकानदाराच्या त्या १४६ च्या पैशांत बोर्ड, चांगले बूट, दोर आणि जॅकेट सगळं येईल.

जॅकेटवर काटकसर नको. बाजारात चापूनचोपून बसणारी, रंगीत, स्पर्धकांची जॅकेटं असतात. त्यांतल्या बऱ्याच जॅकेटांना कोस्ट गार्डची मान्यता नसते आणि ती तरंगवतात कमी, मार तेवढा झेलतात. तुम्हाला मान्यता असलेलं हवं, आतल्या लेबलवर तसं छापलेलं असतं. किमान साडेपंधरा पौंडांचा तरंग त्यात मिळतो आणि मोठ्यांना पाण्यात तेवढा पुरतो. माप छातीच्या घेरावर घ्या, वजनावर नाही. घालून कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर सैल आहे.

आणि वहिनींचा मुद्दा. बोर्डसाठी म्हणून वजन उतरवायची गरज नाही. तुमच्यापेक्षा जड माणसं मी उभी केलेली आहेत. पण रक्तदाबाची गोळी चालू असेल, खांदा कधी निखळला असेल, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना सांगून या. हा खेळ दमवतो, आणि पडणं हे शिकण्याचा भाग असलं तरी जड माणूस जास्त जोरात पडतो हे खरंच आहे. एका दिवशी पाच-सहा प्रयत्नांच्या पुढे जाऊ नका. सातवा प्रयत्न नेहमी थकलेल्या हातांनी होतो, आणि थकल्या हातांनी माणूस परत ओढायला लागतो.

मित्राचा १३४ परत करताना एकदा वहिनींना त्याच्यावर उभं राहून बघायला सांगा. ६०-६५ किलोंच्या आतबाहेरच्या माणसाला तो बोर्ड छान आहे.